गच्चीवरचे कोरडवाहू नेचे: एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत

पुण्यात फर्न, म्हणजे नेचा, मागितलं की रोपवाटिकेत बोस्टन फर्नची लटकती कुंडी पुढे येते. मार्च सरला की तिच्या कडा करपतात आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे मारत बसावं लागतं. नेचे आवडतात, पण टँकरच्या पाण्यावर असले लाड परवडत नाहीत, अशांसाठी हे लिहिते आहे. मागच्या जूनपासून गच्चीवर मी सह्याद्रीच्या कोरड्या भागात वाढणारे देशी नेचे लावले आहेत. आता दुसरा पाऊस सुरू झालाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही. मांडणी नीट केली तर ही रोपं पुण्याच्या उन्हाळ्याला पुरून उरतात. मात्र मार्च ते मे ती वाळलेली दिसणार. ते चालत असेल तरच या वाटेला जा.

नेच्यांना सावली आणि सतत ओल हवी, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या वाळवंटी भागातल्या बागांमध्ये ॲस्ट्रोलेपिस, मिरिओप्टेरिस हे तिथले स्थानिक नेचे मोठ्या दगडांच्या पायथ्याशी, पश्चिमेचं ऊन चुकवून लावतात. दगडाखालची माती उशिरा सुकते आणि मुळं गार राहतात. ही युक्ती मी जशीच्या तशी उचलली. पाण्याचं वेळापत्रक मात्र उचलता येत नाही. तिकडच्या सोनोरन वाळवंटात पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असा दोनदा येतो. आपल्याकडे वर्षाच्या ७०० मिलिमीटरच्या आसपास पावसातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि पुढे आठ महिने जवळजवळ कोरडेच. इथल्या नेच्यांची झोप, म्हणजे वाळून निपचित पडून राहण्याचा काळ, जास्त लांबीची असते.

मांडणी अशी: पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला विटांचा बुटका वाफा. ऊन सकाळी दहापर्यंतच. मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा आणि अगदी मूठभर पालापाचोळ्याचं खत. वरून काळ्या दगडाचे तुकडे दाटीने बसवले आणि त्यांच्या फटीत रोपं. वजनाचा विचार करून वाफा बीमवर घेतला आहे, तुम्हीही घ्या. शेणखत भरपूर घातलेल्या कुंडीत हे नेचे पावसाळ्यातच सडतात.

सगळ्यात भरवशाची निघाली मयूरशिखा. जेमतेम वीतभर उंची, पंख्यासारखं पान, लांबून ताडाचं पिल्लू वाटावं. ओळखीतला एक जुना वाडा पाडला जात होता, त्याच्या चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीतून ही रोपं सोडवून आणली. फेब्रुवारीअखेर तिची पानं मिटली, राखाडी झाली, हाताला चुरचुरीत लागू लागली. हे मरण नव्हे. साध्या झाडाच्या पेशीतलं पाणी एवढं गेलं की पेशीची आवरणं फाटतात. या नेच्यांत साखर आणि काही खास प्रथिनं ती आवरणं सावरून धरतात. मे महिन्यात वळवाची एक जोरदार सर आली आणि दुसऱ्या दिवशी तीच पानं हिरवी होऊन उघडली होती. नवी नव्हे, तीच! घरातल्या सगळ्यांना मी गच्चीवर बोलावून दाखवलं.

म्हणून उन्हाळ्यात त्यांना रोज पाणी घालून उठवू नका. प्रत्येक वेळी जागं होताना साठवलेली ताकद खर्च होते आणि दुपारपर्यंत परत सुकायचंच असतं. पण पूर्ण कोरडंही ठेवू नका. गडावरच्या फटीत मुळांभोवती अख्खा कातळ असतो, गच्चीवर चार विटा. मी साधारण दहा दिवसांनी, संध्याकाळी, पानं न भिजवता दगडांच्या खाली थोडं पाणी सोडत होते.

रुपेरी नेचा दिसायला सगळ्यांत देखणा. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असते. लहानपणी टेकडीवर हातावर दाबून ठसा उमटवायचो, तोच हा. कोरड पडली की पान आत वळतं, पांढरी पाठ बाहेर येते आणि ऊन परतवते. आमचे माळीकाका पाहताक्षणी म्हणाले, "ताई, पिठ्या पडलाय, फवारून टाकू?" त्यांना ती कीड वाटली. वेळीच थांबवलं. ही भुकटी पानानेच तयार केलेली असते. साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल मारून ती घालवू नका.

हंसराज हा नेचा कोरडा काळ जमिनीखाली काढतो. नोव्हेंबरपासून वर काहीच दिसत नाही, जूनमध्ये पुन्हा फुटतो. जागेवर खूण करून ठेवा, नाहीतर कोणीतरी तिथे झेंडू लावेल. बाशिंग हा झाडांवर वाढणारा नेचा, म्हणून तो मी वाफ्यात न लावता आंब्याच्या जाड फांदीच्या तुकड्याला सुतळीने बांधला. त्याची हिरवी पानं उन्हाळ्यात गळाली, खोडाला चिकटलेली तपकिरी पानं राहिली. ती कचरा म्हणून तोडू नका, त्यांच्यात पालापाचोळा साठतो आणि त्यावरच तो जगतो.

रोपं कुठून आणायची, हा खरा अडथळा. सिंहगड-पुरंदरावरून उपटून आणू नका, हे कळकळीने सांगते. फटीत रुतलेली मुळं अख्खी निघत नाहीत, रोप बहुतेक वेळा मरतं, आणि औषधासाठी मयूरशिखा आधीच मुळासकट उपटली जाते. वाडा किंवा जुनी भिंत पडत असेल तर परवानगी घेऊन रोपं वाचवा, नाहीतर बीजाणूंपासून (नेच्यांना बिया नसतात, त्यांच्याऐवजी हे सूक्ष्म कण) करा. तपकिरी कडेचं पिकलं पान कागदात ठेवलं की धुळीसारखे बीजाणू पडतात. उकळत्या पाण्यातून काढून गार झालेल्या विटेवर ते भुरभुरवून, झाकणाच्या डब्यात उजेडात पण उन्हाबाहेर ठेवायचे. काही आठवड्यांत हिरवा थर येतो, ओळखू येईल असं पान यायला काही महिने लागतात. रुपेरी नेच्याच्या गटातल्या बऱ्याच जातींना फलनाची (नर-मादी पेशी एकत्र येण्याची) गरजच पडत नाही, त्यामुळे ते जास्त सहज येतात.

पश्चिमेची बाल्कनी असेल तर हा प्रयोग करू नका, दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत मिळून मुळं शिजतात. बाकी कोणालाही मी मयूरशिखेपासून सुरुवात करायला सांगेन. या पावसाळ्यात माझ्याकडे तिच्या विटेवर हिरवा थर धरला आहे. रोपं मोठी झाली की सोसायटीच्या जुन्या दगडी कंपाउंडमध्ये, जिथे सिमेंटने दरजा भरलेल्या नाहीत अशा पूर्वेकडच्या फटींत ती लावायची, असं सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय.