जमिनीचा सौदा गुंठ्यात करावा की आरमध्ये?

महाराष्ट्रात शेतजमिनीचा भाव एकरी किंवा गुंठ्याने सांगतात. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. तोंडी हिशेब आणि कागदावरचा हिशेब यांच्यात जो थोडा फरक राहतो, त्याचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या खिशातून जातात. म्हणून आधीच सांगतो: बोलणी गुंठ्यात खुशाल करा, पण करारनामा चौरस मीटरमध्येच लिहा.

आधी दोन्ही मापे समजून घेऊ. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा, म्हणजे 1089 चौरस फूट किंवा 101.17 चौरस मीटर. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे 43,560 चौरस फूट किंवा 4046.86 चौरस मीटर. आर म्हणजे 10 मीटर बाय 10 मीटर, बरोबर 100 चौरस मीटर (1076.39 चौरस फूट). 100 आरचा एक हेक्टर. गुंठा आरपेक्षा सुमारे सव्वा टक्क्याने मोठा आहे. दोन्ही इतके जवळचे आहेत म्हणूनच लोक त्यांना एकच धरतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

सातबाऱ्यावर 1.20.00 लिहिले आहे असे समजा: 1 हेक्टर 20 आर, म्हणजे 12,000 चौरस मीटर. विकणारा म्हणतो, "120 गुंठे, म्हणजे सरळ तीन एकर." प्रत्यक्षात ते 118.61 गुंठे, म्हणजे 2 एकर 38.61 गुंठे भरते. भाव एकरी 40 लाख रुपये धरला, तर तीन एकरांचे 1 कोटी 20 लाख होतात आणि खऱ्या क्षेत्राचे 1 कोटी 18 लाख 61 हजार. दीड हजार चौरस फुटांहून जास्त, अस्तित्वातच नसलेल्या जमिनीचे जवळपास 1 लाख 39 हजार रुपये द्यावे लागतात. यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही; त्यालाही तसेच सांगितलेले असते.

मग गुंठा का टिकला? त्यामागे भक्कम कारण आहे. त्याआधी काठी, पांड, बिघा अशी मोजणी होती: 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. शिवशाहीतली काठी पाच हात पाच मुठींची मानली जाते. पण काठीची लांबी प्रांतागणिक बदलली की बिघाही बदले, आणि क्षेत्र दोन्ही बाजूंच्या गुणाकाराने येत असल्यामुळे चूकही वाढत जाई. काठी दहा टक्क्यांनी लांब असली, तर बिघा एकवीस टक्क्यांनी मोठा होतो. 1835 मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या मोजणीची जी घडी बसवली, तिच्यात 33 फुटी शंकू साखळी आणि तिचे 16 आणे, म्हणजे सोळा सारखे भाग, हे माप रुळले. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा. शेतात उभे राहून, गुणाकार न करता क्षेत्र डोळ्यांसमोर उभे राहते. ही सोय आरला अजून मिळवता आलेली नाही.

साखळीचा एक दोषही लक्षात ठेवा. लोखंडी कड्या ओढून ओढून लांबतात. 33 फुटी साखळी दोन इंच लांबली, तर लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रात एक टक्का फरक पडतो, आणि जमीन असते त्यापेक्षा कमी नोंदली जाते. त्यामुळे जुन्या टिपणातली, म्हणजे त्या वेळच्या मोजणीच्या नोंदीतली, मापे आणि आजच्या यंत्राने घेतलेली मापे तंतोतंत जुळतील असे धरून चालू नका.

आर हे माप फ्रान्समध्ये 1795 च्या कायद्याने खास जमिनीसाठीच ठरले. भारतात 1956 च्या वजन-माप कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली. आरचे खरे बळ हिशेबात आहे. चौरस मीटरला 100 ने भागले की आर, 10,000 ने भागले की हेक्टर. मुद्रांक शुल्कासाठी लागणारे शासकीय मूल्यदरही शेतजमिनीला हेक्टरी आणि प्लॉटला चौरस मीटरने दिलेले असतात. गोव्यात तर प्लॉटचा भाव बोलतानाही चौरस मीटरच वापरतात.

पण आरच्या लेखनात एक खाचखळगा आहे. 1.05.00 म्हणजे 1 हेक्टर 5 आर, 1.5 हेक्टर नव्हे. दुसरा त्याहून फसवा: सातबाऱ्याच्या 2020 पासूनच्या नव्या नमुन्यात शेतीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, तर बिनशेतीचे फक्त आर-चौरस मीटरमध्ये दाखवतात. बिनशेती उताऱ्यावरचे 10.50 म्हणजे 1050 चौरस मीटर. म्हणून आकड्याआधी वर छापलेले एकक वाचा.

प्लॉट घेणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा: गुंठा किती फुटांचा? काही ठिकाणी सरळ हजार चौरस फुटांना गुंठा म्हणतात. 89 चौरस फूट, म्हणजे आठ टक्के जागा तिथेच गेली. रस्त्यासाठी सोडलेला भाग तुमच्या गुंठ्यात धरला आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

सौदा करताना क्रम असा ठेवा. सातबाऱ्याचे क्षेत्र चौरस मीटरमध्ये करा आणि आकारबंदाशी, म्हणजे भूमी अभिलेख खात्याच्या क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदीशी, ताडून पाहा. दोन्हींत फरक असेल तर दुरुस्तीआधी पैसे देऊ नका. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, वेगळा काढा आणि त्याला तोच भाव द्यायचा का, ते ठरवा. एकरी भावाला 4046.86 ने भागा: 40 लाखांचे 988.42 रुपये प्रति चौरस मीटर होतात. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. करारनाम्यात 'अंदाजे तीन एकर' असे लिहू देऊ नका. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, दर चौरस मीटरला, आणि मोजणीत क्षेत्र कमी भरल्यास त्याच दराने रक्कम कमी होईल अशी अट घाला. गुंठ्यांचा आकडा हवा असेल तर तो कंसात, दोन दशांश स्थळांपर्यंत द्या.

अर्धा-एक गुंठा इकडेतिकडे झाला तरी चालेल असे भावाभावांतले वाटप असेल, तर गुंठ्यात बोलून बांध घालायला हरकत नाही. पण त्याची नोंद फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यात बदल करायला, जाणार असेल, तर तिथेही सगळ्या हिश्श्यांची चौरस मीटरमधली बेरीज मूळ क्षेत्राइतकी येते का, हे सह्या करण्याआधी पाहा. प्रत्येक हिस्सा वेगळा आरमध्ये बदलून पूर्णांकात आणला, की दोन-चार हिश्श्यांतच बेरीज चुकते आणि नोंद परत येऊ शकते.