घारापुरीची लाँच आणि साठीपुढचे गुडघे

गावाहून आई-बाबा मुंबईला आले की गेटवे, ताज, राणीचा हार आणि सिद्धिविनायक एवढं आपोआप होतं. खरा प्रश्न घारापुरीचा, म्हणजे समुद्रातल्या एलिफंटा बेटावरच्या लेण्यांचा. "एवढं आलोय तर लेणी बघूनच जाऊ," असं बाबा म्हणतात. आई गुडघ्याला हात लावते आणि काही बोलत नाही. त्यामुळे हे परीक्षण लेण्यांचं कमी आणि तिथे पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचं जास्त आहे: गेटवेची पायरी, लाँच, बेटावरची छोटी गाडी, एकशेवीस पायऱ्या आणि डोली. एका ओळीत सांगायचं तर लेण्यांना दहापैकी दहा, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने लाँच सेवेला पाच. हे पाच गुणसुद्धा हात धरून चढवणाऱ्या खलाशांमुळे मिळालेत.

बहुतेकांना भीती असते ती बेटावरच्या पायऱ्यांची. त्या दिसतात तितक्या वाईट नाहीत. वाईट आहे ती गेटवेची पायरी. लाँच धक्क्याला नीट फळी लावून उभी राहत नाही. ती दगडी पायऱ्यांना टेकते, आणि गर्दीच्या दिवशी तर दोन-तीन लाँच एकमेकींना चिकटून उभ्या असतात. मग पहिलीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर असं पाय टाकत जावं लागतं. मध्ये हातभर फट, खाली पाणी, आणि दोन्ही बोटी वेगवेगळ्या तालात हलतात. ओहोटी असेल तर खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. पाय घसरण्याचं हे एकमेव मोठं ठिकाण, आणि ते तिकीट काढल्यावर पाच मिनिटांत समोर येतं.

म्हणून तारीख ठरवताना रविवार-सोमवार बघण्याआधी समुद्र बघा. कोकणातला जुना हिशेब इथे उत्तम चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहून घ्या. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, पाठ असलेली पिढी तुमच्याच घरी पाहुणी आलेली आहे, त्यांनाच विचारा. तुमच्या मोबाइलआधी उत्तर येईल.

या हिशेबाने काय कळतं? चतुर्थी-पंचमीला भरती दुपारी तीन-पावणेचारला, म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला, नेमकं लाँचमध्ये चढायच्या वेळी पाणी तळाला गेलेलं. हे दिवस टाळा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती दुपारच्या आसपास असल्याने सकाळी नऊ आणि दुपारी तीनला पाणी मध्यावर असतं, ते चालतं. पण त्या दिवशी संध्याकाळच्या लाँचने परतलात तर उतरताना सगळ्यात खालची, शेवाळलेली पायरी वाट्याला येते. पावसाळ्याच्या तोंडाला साडेचार मीटरच्या वरचं उधाण असेल तर तो बेत सरळ रद्द करावा. वयस्कर माणसांसाठी सगळ्यात बरे दिवस अष्टमी ते दशमी. तेव्हा भांगाची भरती असते, भरती-ओहोटीच्या पातळीत फरकच कमी, म्हणून पायरी आणि लाँच यांच्यातलं अंतर दिवसभर फारसं बदलत नाही.

आता वार. सोमवारी लेणी बंद. रविवारी आणि सुट्टीला जाऊ नका. महाशिवरात्रीला तर ज्येष्ठांना घेऊन मुळीच नको. मंगळवार ते शुक्रवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आसपास सुटणारी पहिली किंवा दुसरी लाँच, हे गणित पक्कं ठेवा. जून ते सप्टेंबर या काळात हवामान पाहून फेऱ्या थांबतात, आणि सकाळी निघालेली माणसं दुपारी लाटांत परततात. ऑक्टोबरची काहिली आणि एप्रिल-मेची दुपार यांत निवड करण्यासारखं काही नाही.

गेटवेपर्यंत गाडी जात नाही. ताजच्या बाजूच्या रस्त्यावर उतरून तपासणीतून चालत जावं लागतं. बाहेरगावच्या मंडळींना हे आधी सांगून ठेवा की दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून काळी-पिवळी टॅक्सी करा. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहेत, आणि अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. उपनगरात उतरला असाल तर भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक किंवा सीएसएमटीपर्यंत येणं लोकलच्या जिन्यांपेक्षा कितीतरी सोपं. लिफ्ट आहेत, पण नेमक्या कुठल्या प्रवेशद्वाराजवळ आहेत ते आधी पाहून घ्या, नाहीतर लिफ्टसाठीच अर्धा किलोमीटर चालणं होतं. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांना स्वच्छतागृहात जाऊन यायला लावा. साध्या लाँचवर ती सोय धरू नये, आणि प्रवासाचा तास-सव्वा तास आणि बोट भरेपर्यंतचा वेळ असं मिळून दीड तास सहज जातो.

तिकीट जाण्यायेण्याचं एकत्र मिळतं, माणशी साधारण अडीच-पावणेतीनशे रुपये. अर्धुक जपून ठेवा, परतताना तेच दाखवायचं असतं. वरच्या डेकवर बसायचे दहा-वीस रुपये बोटीवरच वेगळे घेतात. तरुणांनी जरूर जावं. आई-बाबांनी नको, कारण वर जायचा जिना जवळजवळ शिडीसारखा उभा असतो आणि लाँच चालू असताना उतरणं आणखी अवघड. खालच्या मजल्यावर मधोमध, काठड्यापासून एक बाकडं आत अशी जागा धरा. तिथे हलणं कमी जाणवतं. पुढच्या टोकाला शिंतोडे येतात आणि मागे इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास. मळमळ सुरू होते ती बहुतेकदा लाटांपेक्षा या वासाने. मार्ग बंदराच्या आतला आहे, त्यामुळे हिवाळ्यात पाणी शांत असतं. आलेपाकाची एक वडी पुरते.

जीवरक्षक जाकीट घालायलाच हवं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून जीव गेले, त्यानंतर जाकिटाची सक्ती झाली. सक्ती असली तरी सुटल्यावर दहा मिनिटांत अर्धी बोट जाकीट काढून त्याची उशी करते. आपल्या माणसांचं जाकीट काढू देऊ नका, आणि पुढचे पट्टे बांधून द्या. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जाकीट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो.

वाटेतलं दृश्य मात्र पैसे वसूल करणारं. युद्धनौका, तेलवाहू जहाजं, जवाहर द्वीपावरचं तेलाचं टर्मिनल, पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन, आणि हवा स्वच्छ असली तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा लाँचमागे येतो. लोक त्यांना कुरकुरे टाकतात. ते तुम्ही करू नका.

बेटाचा धक्का लांबलचक आहे आणि त्यावर सावली नाही. इथे एक छोटी गाडी पायऱ्यांच्या पायथ्याजवळ सोडते. भाडं किरकोळ आहे. "एवढंसं तर अंतर, चालू की," असं बाबा म्हणतील. चालू देऊ नका. ते पाय पुढच्या चढाला लागणार आहेत. पायथ्याशी ग्रामपंचायतीचा कर घेतात, तेव्हा सुटे पैसे हाताशी ठेवा. हे बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं, मुंबईत नाही, हे कर भरताना अनेकांना पहिल्यांदा कळतं.

पायऱ्या साधारण १२०. रुंद आहेत, चढ टप्प्याटप्प्याने आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्र्यांची सावली. ही दुकानं तरुणांना कटकट वाटतात, पण वयस्कर माणसाला तीच विसाव्याची जागा. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी एखाद्या दुकानाशी थांबून माळा, शंख बघायचे, भाव करायचा आणि घ्यायचं काही नाही, या पद्धतीने पासष्टीची निरोगी व्यक्ती वीस मिनिटांत वर पोहोचते. कठीण जातं ते उतरताना. गुडघ्यावर सगळा भार येतो आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत. काठी असेल तर ती उतरतानाच जास्त उपयोगी. चामडी तळव्याच्या चपला आणि पायात अडकणारी साडीची निरी, या दोन गोष्टी घरीच सोडवा: मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल, आणि आईची हरकत नसेल तर पंजाबी ड्रेस.

डोली म्हणजे दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची, आणि ती उचलायला चार माणसं. हृदयविकार, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा दम लागण्याचा त्रास असेल तर संकोच न करता घ्या. फक्त बसण्यापूर्वी तीन गोष्टी तोंडी पक्क्या करा: रक्कम जाण्यायेण्याची की एकाच बाजूची, वर किती वेळ थांबणार, आणि रक्कम डोलीची की माणशी. वाद होतो तो याच तीन प्रश्नांवर, आणि तो वर पोहोचल्यावर होतो. रक्कम सहज चार आकडी होते. चार माणसांच्या खांद्याचं काम आहे, त्यामुळे फार घासाघीस शोभत नाही.

माकडं इथली पक्की आहेत. त्यांना माणसात रस नाही, हातातल्या बाटलीत आणि पिशवीत आहे. रंगीत शीतपेयाची बाटली दिसली की ती गेलीच. पाणी आणि औषधं चेन असलेल्या पिशवीत ठेवा, आणि वर गेल्यावर उघड्यावर खाऊ नका. माकडाने काही ओढलं तर सोडून द्यायचं, हे आईला आधीच सांगा. नाहीतर ती पिशवी सोडत नाही आणि तोल तिचाच जातो.

लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं, पण बेटावर मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून ते गेटवेलाच काढा.

मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. उन्हातून आत शिरताच काही दिसत नाही आणि जमीन उंचसखल आहे, म्हणून उंबऱ्याशी एक-दोन मिनिटं उभं राहून डोळ्यांना सवय होऊ द्यावी. मग थेट समोर, दक्षिणेच्या भिंतीत, जवळपास वीस फुटी सदाशिव. सगळे त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजून हात जोडतात. प्रत्यक्षात ती शिवाचीच तीन मुखं आहेत: मधलं शांत, एका बाजूचं उग्र, दुसऱ्या बाजूचं स्त्रीरूप. त्याच्या डावी-उजवीकडे अर्धनारीश्वर आणि गंगाधर. एवढ्या तीन शिल्पांसमोर निवांत अर्धा तास द्यावा. मग चार दारांचं, द्वारपालांनी राखलेलं शिवलिंगाचं गर्भगृह. आई-बाबांचा जीव खरा तिथे रमतो. तिथून कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचं लग्न. पार्वतीचा लाजरा चेहरा अजून शाबूत आहे, आणि लग्नाचं शिल्प म्हटलं की आई आपोआप थांबते. अंधकासुरवध आणि नटराज बरेच फुटलेत. बाकीची लेणी वाटेत दिसतील तेवढी बघा. टेकडीवरच्या तोफांपर्यंत चढायची काही गरज नाही.

साधारण सव्वाबाराला उतरायला लागा. जेवणाची जागा वर लेण्यांजवळ आणि खाली वाटेवरही आहे. माशाचं जेवण गावातल्या घरगुती खानावळीत जास्त बरं. पायऱ्यांवर गावच्या बायका काकडी, पेरू, कैरी, बोरं विकतात. आपल्यासमोर कापून घ्या आणि माकडांची नजर चुकवून खा. परतीची लाँच दीड-दोनची धरा. शेवटची साडेपाचच्या सुमाराला सुटते, पण तिच्यासाठी थांबलात तर धक्क्यावर उन्हात रांग, बसायला जागा नाही, आणि गेटवेला अंधारात ती पायरी. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही.

आणि पाण्याची भीती असेल, किंवा डॉक्टरांनी जिने वर्ज्य केले असतील, तर लाँचचा हट्ट नको. गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. सकाळी सव्वादहाला उघडतं, चाकाची खुर्ची आणि लिफ्ट मिळते. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते ज्या दगडी हत्तीवरून, तो १८६४ मध्ये हलवताना फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बाग बुधवारी बंद असते.