तीन सिलिंडरच्या गाडीला चार हीटर प्लग

सोलापुरात राहून मी थंडीच्या नावाखाली साडेअकरा हजारांना फसले. हसू येईल, पण खरं आहे. आमच्याकडे थंडी दिवाळीनंतर येते आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की निघायच्या तयारीला लागते. पहाटे पारा १२-१३ वर आला की आम्ही कानटोप्या काढतो. उन्हाळ्यात गाडीला काय लागतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण थंडीत काय लागतं हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथंच त्या गॅरेजवाल्याचं फावलं.

गाडी २०१५ ची ग्रँड आय टेन, डिझेल. नवऱ्याची नोकरी बार्शीला, म्हणून गाडी माझ्याकडे. मंद्रूपच्या पलीकडच्या शाळेत मी शिकवते, जाणंयेणं विजापूर रोडनं. डिसेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. पावणेसातला चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीला वायर जोडून चालू करून दिली. शाळा सुटल्यावर येताना रस्त्यात एका नव्या चकचकीत गॅरेजवर बोर्ड दिसला, ‘विंटर चेकअप फ्री’. म्हटलं, फुकट आहे तर दाखवू.

बॉनेट उघडलं आणि मालक स्वतः आला. गोड बोलणारा, तिशीतला. ‘मॅडम, थंड डिझेल इंजिन चालू होताना आतून तापवतात ते तुमचे हीटर प्लग गेलेत. आणि रेडिएटरमधलं कूलंट बघा, पाणी झालंय. थंडीत पाणी गोठलं की रेडिएटर फुटतो.’ मोबाइलवर कुठल्यातरी बर्फाळ गावातला फुटलेल्या इंजिनाचा व्हिडिओ दाखवला. मी म्हणाले, ‘अहो, सोलापुरात कुठं पाणी गोठतंय?’ त्यानं विचारलं, ‘बाहेर कुठं जाणार आहात का?’ आणि मी बोलून गेले की जानेवारीत मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जायचंय. झालं! ‘वेण्णा लेकवर दव गोठलंय, पेपरात वाचलं नाही का तुम्ही?’ वाचलं होतं. दरवर्षी फोटोसकट येतं. मी गप्प बसले.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रेमध्ये काळे पडलेले चार हीटर प्लग मांडून दाखवले. ‘हे तुमचे जुने.’ मी फोटो काढून नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, एवढा खर्च का झाला ते कळावं म्हणून. हिशेब असा: हीटर प्लग चार नग ४,४००, ‘इम्पोर्टेड अँटीफ्रीझ’ (म्हणजे कूलंटच) १,८००, ‘विंटर ऑइल’ २,९००, डिझेल गोठू नये म्हणून टाकीत ओतायची बाटली ६५०, टायरमध्ये नायट्रोजन २५० आणि मजुरी १,५००. एकूण ११,५००. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. त्यावर ना गाडीचा नंबर, ना जीएसटी. पैसे स्कॅनरवर गेले, तेही गॅरेजच्या नावावर नाही, कुणातरी माणसाच्या नावावर. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण गाडी एका चावीत चालू झाली ना! माणूस तिथंच विरघळतो.

ती का चालू झाली, ते तीन आठवड्यांनी कळलं. संक्रांतीच्या आधी पुन्हा तेच कट-कट. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘थंडी वाढली मॅडम, घेऊन या, अजून एक काम करावं लागेल.’ सुदैवानं त्या दिवशी मला वेळ नव्हता आणि कोपऱ्यावरचा बॅटरीवाला घरी यायला तयार होता. त्यानं मीटर लावला. रात्रभर उभी असलेली बॅटरी ११.९ व्होल्ट. चांगली भरलेली असती तर १२.६ च्या आसपास दाखवली असती. चावी फिरवायला सांगितली तर काटा ९ च्याही खाली. बॅटरी पाच वर्षांची, संपलेली. गॅरेजात तिला रात्रभर चार्जिंगला लावलं असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी ती मुकाट चालली.

बॅटरीवाला बोलका होता. म्हणाला, बॅटरी मरते उन्हाळ्यात. आपल्या ४२-४३ डिग्रीत बॉनेटखाली ती आतून भाजून निघते, पण ऊन आहे तोवर कसंतरी ढकलते. गारठ्यात तिची ताकद आणखी कमी होते आणि ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, मग ती डिसेंबरात हात टेकते. त्यानं सांगितलेली खूण मी आता सगळ्यांना सांगते. चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट झालं किंवा इंजिन रेंगाळत फिरलं, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा. स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही आणि मागून पांढरा धूर येतोय, तेव्हा हीटर प्लगवर संशय घ्यायचा. माझ्या गाडीत धुराचा पत्ताच नव्हता.

तरीसुद्धा त्या गॅरेजवाल्यावर माझा संशय गेला नाही. मनाला समजावलं, बॅटरी तेवढी त्याच्या नजरेतून सुटली असेल, बाकीचं काम तर केलंय. आम्ही महाबळेश्वरला जाऊनही आलो. पहाटे बॉनेटवर दव पडलेलं, गाडी नव्या बॅटरीवर झटक्यात चालू. मी मैत्रिणींना ऐटीत सांगितलं, ‘इम्पोर्टेड अँटीफ्रीझ टाकलंय.’

एप्रिलमध्ये सकाळची शाळा करून साडेबाराला परत येत होते. एसी चालू. टाकळीच्या पुढं टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकला आणि बघता बघता लाल रेघेला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ. लिंबाच्या झाडाखाली गाडी लावून बंद केली आणि जुन्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गॅरेज साधं, पत्र्याचं, म्हणून तर मी डिसेंबरात त्यांच्याकडे गेले नव्हते. मामा आले, पण तासभर झाकणाला हात लावू देईनात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

गाडी थंड झाल्यावर त्यांनी थोडं पाणी बाटलीत काढलं. वरून पोपटी, रंगपंचमीला पिचकारीत भरतात तसं, आणि तळाला विटकरी गाळ. कूलंट तपासायची नळी असते, रबरी फुगा दाबून पाणी ओढायची. मामांनी ती बुडवली, मग स्वतःच्या प्यायच्या पाण्यात बुडवली. दोन्हीकडे आकडा एकच. म्हणजे रंग घातलेलं पाणी, तेही बोअरचं असणार, कारण झाकणाच्या कडेला पांढरे क्षार धरले होते.

खरं कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं घातलं तर उणे ३५ च्याही खाली जाईपर्यंत ते गोठत नाही. पण सोलापूरकराला त्या आकड्याशी काय घेणं? आपल्याला कूलंट लागतं ते उलट्या कारणासाठी. त्यानं पाणी उशिरा उकळतं आणि आतलं लोखंड-अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही. गॅरेजवाल्यानं मला थंडीची भीती घालून जे विकलं, त्याची खरी गरज मे महिन्यात होती, आणि नेमकं तेच दिलं नव्हतं.

महाबळेश्वरला रेडिएटर का फुटला नाही, हेही मामांनाच विचारलं. ते म्हणाले, तिथं गवत आणि गाड्यांचे टप रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षा जास्त गार पडतात, म्हणून त्यांच्यावरचं दव गोठतं. इंजिनातलं पाणी गोठायला हवाच तासन् तास शून्याखाली लागते.

मग मी ते वहीचं पान काढलं. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

‘बाई, ह्या गाडीला सिलिंडर किती?’

‘मला काय माहीत?’

‘तीन हायत. एका सिलिंडरला एक हीटर प्लग. मग चौथा कुठं बसवला ओ त्यानं?’

एक प्लग त्यांनी तिथंच खोलायला घेतला, बराच वेळ गेला. काजळीनं जाम झालेला, कंपनीतून आला तोच. मीटर लावला तर ओमचा आकडा बरोबर, प्लग ठणठणीत. डिझेलच्या बाटलीचं तर विचारूच नका. आपल्याकडचं डिझेल १२ डिग्रीत गोठत नाही. लडाखसाठी तेल कंपनीनं २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. माझी गाडी काही लेहला चालली नव्हती. ऑइलच्या डब्यावर ५ डब्ल्यू ३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजेच विंटर. कंपनीनं सांगितलेलं हे ऑइल बाराही महिने चालतं, हिवाळ्याचं वेगळं नसतं. आणि नायट्रोजन? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. हे मी सातवीच्या पोरांना फळ्यावर लिहून देते! स्वतः २५० रुपये मोजताना आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन त्या चकचकीत गॅरेजवर गेले. मालक म्हणाला, ‘ही पावती आमची नाही.’ खरंच, त्यावर त्याचं नावच नव्हतं. पण स्कॅनरची नोंद माझ्या फोनमध्ये होती आणि चार प्लगचा तारीख-वेळेसकट फोटोही, मागं त्याच्याच भिंतीवरचं कॅलेंडर. मी विचारलं, ‘चौथा कुठल्या सिलिंडरला बसवला तेवढं दाखवा.’ तो पोरांवर ओरडायला लागला. मग मी समोरच १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावून तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हे वाचून गेले होते. ते मोठ्यानं म्हटलं. तोवर दोन गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत उभी होती.

आठ दिवसांनी पाच हजार आले, ‘मिटवून टाका मॅडम’ असा मेसेजही. उरलेले साडेसहा हजार गेले ते गेलेच. शिवाय रेडिएटर धुऊन घ्यायचा आणि खऱ्या कूलंटचा खर्च वेगळा झाला. आयोगात जावं असं नवऱ्याचं म्हणणं होतं, पण परीक्षा आणि पेपर तपासणीत माझा धीर संपला.

ती पोपटी पाण्याची बाटली मामांनी फेकली नाही. त्यांच्या गॅरेजात, नटबोल्टच्या डब्यांशेजारी ठेवलीय. कुणी ‘साधं पाणी टाकलं तर चालतंय का’ विचारलं की हलवून दाखवतात.