चालणं की वजनं? मधुमेहात स्नायूंच्या मूळपेशींच्या बाजूने पाहिलं तर

मधुमेह निघाला की पहिला सल्ला मिळतो चालण्याचा. सल्ला चुकीचा नाहीच. पण रोज पाऊण तास चालणाऱ्यालाही जिना चढताना मांड्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, आणि मग प्रश्न पडतो: चालणं आणखी वाढवायचं की वजनं उचलायला लागायचं? नुसत्या साखरेच्या आकड्यासाठी दोन्हींचा उपयोग आहे. स्नायूंची डागडुजी करणाऱ्या मूळपेशींचं तसं नाही.

या पेशी १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांना बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. स्नायूचा तंतू आणि त्याच्यावरचा पातळ पापुद्रा यांच्या फटीत एकेकटी पेशी चिकटून बसलेली. म्हणून नाव पडलं सॅटेलाइट पेशी. एरवी त्या झोपलेल्या असतात. तंतूला इजा झाली किंवा जोराचा ताण पडला की जाग्या होतात आणि विभागू लागतात. तयार झालेल्यांपैकी बऱ्याच तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात, थोड्या पुन्हा फटीत जाऊन झोपतात. त्या थोड्या परतल्या नाहीत तर पुढच्या खेपेला कामाला कोणी उरणार नाही.

मधुमेहात घोटाळा कुठे होतो, हे प्रकारावर अवलंबून आहे. टाइप १ मध्ये माणसांत आणि उंदरांत या पेशींची संख्याच घटलेली आढळली आहे. टाइप २ मध्ये संख्येपेक्षा आजूबाजूची परिस्थिती जास्त नडते. सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ होतात, सौम्य दाह कायम धुमसत राहतो, तंतूंच्या मधल्या जागेत चरबी साठते. मधुमेही लठ्ठ उंदरांच्या स्नायूला इजा केली तर ती भरून यायला जास्त वेळ लागतो. कामगार हजर आहेत, पण हाक ऐकू येत नाही आणि ऐकू आली तरी रस्ता खराब, असं काहीसं.

चालणं, सायकल, पोहणं हे रस्ता दुरुस्त करणारे व्यायाम. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुकोज आत घेणारी दारं इन्सुलिनवाचूनही उघडतात, म्हणून साखर तिथल्या तिथे उतरते आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पुढचे एकदोन दिवस सुधारलेला राहतो. नियमित केलं तर केशवाहिन्या वाढतात, आणि या पेशींना केशवाहिन्यांचा शेजार मानवतो. पण संख्येचं काय? टाइप २ मधुमेह असलेल्या लठ्ठ पुरुषांकडून सहा महिने सहनशक्तीचा व्यायाम करून घेतला, आधी आणि नंतर मांडीतून सुईने स्नायूचा तुकडा काढून पेशी मोजल्या, तर संख्या हलली नव्हती. चालणं वाया गेलं असा याचा अर्थ नाही. ज्या कामासाठी चालायचं ते वेगळं आहे, एवढाच.

वजनांची गोष्ट इथेच वेगळी होते. वयाबरोबर जलद तंतूंभोवतीच्या, म्हणजे झटकन जोर लावणाऱ्या तंतूंभोवतीच्या, मूळपेशी आधी कमी होतात. उठणं, तोल सावरणं, जिना चढणं याच तंतूंच्या जोरावर चालतं. वृद्धांना बारा आठवडे वजनांचा व्यायाम दिल्यावर नेमक्या याच तंतूंपाशी पेशी वाढलेल्या दिसल्या. त्यातही वजन उचलण्याइतकंच, किंबहुना जास्त, ते सावकाश खाली आणणं मोलाचं. करून पाहा: हात छातीशी बांधा आणि मनात पाचपर्यंत मोजत खुर्चीत बसा. तिसऱ्या आकड्याला मांडीच्या पुढच्या बाजूला थरथर जाणवेल. लांबत असतानाच भार पेलणाऱ्या स्नायूला बारीक बारीक ओरखडे पडतात, आणि हाक जाते ती तिथून. दोनतीन दिवस दुखणं राहतं. सवय नसताना पहिल्याच दिवशी हे फार केलं तर तेवढ्यापुरती इन्सुलिन संवेदनशीलता उलट घटते, तेव्हा हळूहळूच वाढवायचं.

एक खडा मात्र टाकून ठेवतो. ‘स्टेम सेल’ म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, पण या पेशी काढून टाकलेल्या प्रौढ उंदरांचे स्नायूसुद्धा भार दिल्यावर काही आठवडे फुगले; भरून आली नाही ती इजा. म्हणजे स्नायू वाढला की मूळपेशी जाग्या झाल्याच, असं गणित मांडता येत नाही.

थोडा वेळ जोरात, थोडा वेळ संथ, असा वेगाचा व्यायाम वेळ वाचवतो, पण जोराच्या टप्प्यात अ‍ॅड्रेनालिनमुळे साखर तासाभरासाठी चढू शकते. मीटर पाहून घाबरायला होतं. नुकतीच सुरुवात करणाऱ्याने यात पडू नये, असं माझं मत.

दोन्ही एकत्र करण्याबद्दल पुरावा चांगला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाइप २ च्या २५१ जणांचे गट पाडले होते. चालण्यासारखा व्यायाम आणि वजनं जोडीने करणाऱ्यांचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, एकेकटा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. २०१० मधल्या २६२ जणांच्या चाचणीतही जोडीच्याच गटाचा आकडा लक्षणीय सुधारला. पण दोनपैकी एकच जमणार असेल तर? आधीपासून चालत असाल तर चालण्यात वीस मिनिटं वाढवण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस वजनांना द्या, मध्ये किमान एक दिवस सोडून. काहीच करत नसाल तर आधी चालायला लागा. दोन दिवसांपेक्षा जास्त सलग खाडा नको.

काहींना हा निर्णय एकट्याने घेता येणार नाही. डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं धोक्याचं. आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. पायाला बधिरपणा असेल तर चालण्याआधी आणि नंतर तळवे पाहा. इन्सुलिन किंवा साखर खाली खेचणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी मोजा, गोड काहीतरी खिशात ठेवा, आणि रात्री साखर उतरू शकते हे विसरू नका. मेटफॉर्मिनबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो: मधुमेह नसलेल्या वृद्धांमध्ये या गोळीने वजनांच्या व्यायामाचा स्नायूवाढीचा लाभ थोडा घटवला होता. तेवढ्यावरून गोळी बंद करण्याचं काही कारण नाही.

मूळपेशी घरी मोजता येत नाहीत. हाताचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं, ते मात्र येतं. आजचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजा.