आडलाम लिपीसाठी काय निवडावं: उसन्या जागेवरचा फॉन्ट की युनिकोड?

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात, न्झेरेकोरे शहरात १९८९ साली इब्राहिमा आणि अब्दुलाय बारी या दोन शाळकरी भावांनी आपल्या फुलानी भाषेसाठी नवी लिपी घडवली, ती आडलाम. या लिपीतला शब्दकोश, अ‍ॅप किंवा संकेतस्थळ करायला घेतलं, की अक्षरं साठवायची कशी हे आधी ठरवावं लागतं. एक वाट म्हणजे दुसऱ्या लिपीच्या जागा उसन्या घेणारा फॉन्ट, दुसरी म्हणजे युनिकोड, म्हणजे जगातल्या लिपींतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत. नव्या कामाला युनिकोडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युनिकोडमध्ये आडलाम नव्हती, तेव्हा भावांनी करवून घेतलेला फॉन्ट अरबी अक्षरांच्या जागांवर बसवलेला होता. अरबीही उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे दिशा आयती मिळायची. पण समजा, अरबी अलिफच्या १५७५ क्रमांकावर आडलामचं अक्षर काढलं, तर फाइलमध्ये १५७५च जातो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याला अर्थहीन अरबी अक्षरांची रांग दिसते. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिवाय आडलाममध्ये मोठी आणि लहान अक्षरं आहेत, अरबीत तो भेदच नाही. म्हणजे शोध घेताना मोठं आणि लहान रूप एकच धरायचं, हे संगणकाला कळायला मार्ग नाही.

जून २०१६ मध्ये युनिकोड ९.० आलं आणि आडलामला स्वतःच्या जागा मिळाल्या. मोठा अलिफ १२५१८४ वर, लहान १२५२१८ वर. प्रत्येक जोडीत ३४चंच अंतर. पुढे काही अक्षरांची वळणं सुधारली गेली, तरी क्रमांक तेच राहिले. फॉन्ट नवा घातला की जुना मजकूर नव्या वळणात दिसतो. माझ्या दृष्टीने एवढं एक कारणही पुरेसं आहे.

अडचण आहे ती या क्रमांकांच्या आकारात. ते ६५५३५च्या पलीकडचे असल्याने यूटीएफ-८मध्ये, म्हणजे हे क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. गिनीतल्याच सोलोमाना कांते यांनी १९४९ साली तयार केलेल्या न्को लिपीचं अक्षर दोन बाइटांत बसतं, देवनागरीचं तीन. मायएसक्यूएल या माहिती साठवायच्या प्रणालीतला (डेटाबेस) जुना 'यूटीएफ८' प्रकार तीनच बाइटांपर्यंत जातो. त्यामुळे न्को नीट साठली म्हणून आडलामही साठेल असं धरून चालू नका. टेबल 'यूटीएफ८एमबी४'मध्येच करा. संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा आडलामच्या एका अक्षराची लांबी दोन सांगते, तेव्हा नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा घालताना ते ध्यानात ठेवा, नाहीतर एखाद्याचं नाव अक्षराच्या मधोमध तुटेल.

दाखवण्याचं म्हणाल, तर गूगलचा नोटो सान्स आडलाम फुकट मिळतो आणि विंडोजच्या एब्रिमा फॉन्टमध्ये २०१९पासून ही लिपी आहे. त्याहून जुन्या यंत्रांवर चौकोन दिसतील, म्हणून संकेतस्थळाबरोबर फॉन्ट स्वतःच पाठवा.

उसन्या जागेचा फॉन्ट मला एकाच ठिकाणी चालण्यासारखा वाटतो: त्याच फॉन्टमध्ये आधी लावून ठेवलेलं पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापायचं असेल तेव्हा. तोच मजकूर उद्या शोधण्याजोगा हवा असेल, तर त्या फॉन्टचा अक्षरतक्ता हाताशी घेऊन तो युनिकोडमध्ये आणा. मूळ फाइल आणि फॉन्ट मात्र एकत्र जपून ठेवा, कारण फॉन्ट हरवला तर कुठल्या अरबी अक्षरामागे आडलामचं कुठलं अक्षर होतं हे फाइलीवरून कळणार नाही.