पागडीची खोली घेताय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

लालबाग, परळ, काळाचौकी, गिरगाव ह्या भागात सध्या जे कोणी पागडीची खोली (म्हणजे मोठी रक्कम देऊन जुन्या भाडेकरूचा हक्क विकत घ्यायचा, मालकी नाही) बघतायत त्यांच्यासाठी लिहितेय. आमचे सहा लाख अडकलेत, आणि आम्हाला ज्या पद्धतीने गंडवलं ती पद्धत फक्त आमच्यासाठी काढलेली नाहीये, ओळखीत विचारल्यावर कळलं की हे तिथे सर्रास चाललंय.

आम्ही डोंबिवलीला राहतो, नवऱ्याची नोकरी परळला, मुलीचं कॉलेज पण तिकडेच. दोघांचा लोकलचा हाल बघून ठरवलं की छोटी का होईना एक जागा तिकडे घ्यावी. पागडीवर बँक सहसा लोन देत नाही, त्यामुळे पैसा सगळा घरचाच, नवऱ्याचा पीएफ आणि गावची थोडी जमीन विकून आलेले.

एजंटने पहिल्या फोनपासून एकच धोशा लावला होता, बीडीडी बघा मॅडम, बीडीडी. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, 160 फुटांच्या खोलीचे 500 फूट झाले, ते खरंच आहे. पण त्या चाळी सरकारच्या मालकीच्या, काम म्हाडा करतंय. आम्हाला दाखवलेली चाळ खाजगी मालकाची, 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). तिथे नियम वेगळा लागतो, विकास नियमावलीतला 33(7), त्यात राहत्या भाडेकरूला कमीत कमी 300 फूट कार्पेट आणि वरचा फंजिबल (जास्तीचं मिळणारं बांधकाम) धरून 405 फूट, तेही मालक तयार झाला, बिल्डर आला, संमत्या जमल्या आणि बिल्डर मधेच पळाला नाही तर. एजंट लोक ह्या दोन गोष्टी एका दमात सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं एकच स्कीम आहे.

खोली 110 फूट. लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला कॉमन संडास, खालच्या मजल्यावर तुळईला लोखंडी टेकू. आतमध्ये मात्र नवीन टाईल्स, नवीन पीओपी, एलईडी लाईट. एवढ्या जुन्या खोलीला पीओपी कशाला असं मी विचारलं तर म्हणे शोभेला. नवऱ्याने स्टुलावर चढून एक लाईट खाली ओढली आणि भोकातून मोबाईलचा टॉर्च मारला, वरची तुळई वाळवीने पोखरलेली, बोट लावलं की भुसा खाली पडत होता. त्या पीओपीखाली माणसं झोपणार होती हो. डोंगरीची इमारत 2019 च्या जुलैमध्ये पडली, भेंडी बाजारची हुसैनी 2017 मध्ये, हे सगळं डोळ्यासमोर असताना लोक वाळवी झाकून खोली विकतात ह्याची मला खरंच चीड येते.

आणि भाव? 42 लाख. महिन्याचं भाडं 94 रुपये आणि हक्क विकत घ्यायचा 42 लाखाला, फुटाला 38 हजार पडतात, मालकी तरीही नाही, तुम्ही भाडेकरूच. पागडी घेणं-देणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने कायदेशीर आहे, मालक आपला साधारण तिसरा हिस्सा घेतो आणि पावती नव्या नावावर करतो, ती पद्धत जुनीच. पण भाव त्या 110 फुटांचा कोणी सांगतच नाही, भाव सांगतात न बांधलेल्या 405 फुटांचा. म्हणे टॉवर झाला की दीड कोटी, तुम्हाला 42 मध्ये पडतंय. त्यामुळे चाळ जितकी मोडकळीला आलेली तितकी खोली महाग, कारण "आता पडणारच आहे ना". धोकादायक इमारतीची नोटीस लागली की भाव उतरायला पाहिजे, इथे चढतो.

आता खरी फसवणूक. पावतीवर खोली नंबर लिहिला होता 17अ. शिक्का मालकाचा, सही मेहताजीची (मालकाचा भाडं गोळा करणारा माणूस), कागद खरा. टोकन द्यायच्या आधी आम्ही स्पष्ट विचारलं होतं की ही स्वतंत्र भाडेकरूची खोली आहे का आणि कधीपासून, तर विकणारा, एजंट आणि मेहताजी तिघांनी तोंडावर सांगितलं, आजोबांपासून. 500 च्या स्टँपवर नोटरी करून सहा लाख घेतले, चार आरटीजीएसने आणि दोन रोख. रोखीची पावती देत नव्हते म्हणून नवऱ्याने तिथेच व्हॉट्सॲप करायला लावलं, "दोन पोचले" असा मेसेज आहे आमच्याकडे.

नंतर माप घ्यायला गेलो तेव्हा गॅलरीत एक मावशी भाजी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाय, ही वेगळी खोली कधी झाली? मोठ्याचं लग्न झालं तेव्हा मधे प्लायवूड ठोकलान, दोन्ही मिळून सतराच नंबर." पोटात गोळाच आला. मग मागे लागून महापालिकेच्या असेसमेंट खात्यातून इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट (कुठली खोली कोणाच्या नावावर ह्याच्या नोंदीचा उतारा) काढला, त्यात खोली 17, नाव एकच, त्या आजोबांचं. 17अ कुठेच नाही. जुनी खरी पावती विकणाऱ्याच्या मोठ्या भावाकडे, आणि तो म्हणतो पूर्ण खोली माझी.

ह्याचा अर्थ काय ते नीट समजून घ्या. 33(7) मध्ये 13 जून 1996 नंतर निर्माण झालेली भाडेकरी (भाडेकरूचा हक्क) धरत नाहीत. जुनी भाडेकरी रीतसर नावावर करून घेतली तर चालते, पण एका खोलीच्या मागाहून दोन केल्या तर नवीन घर एकच. म्हणजे 42 लाख देऊन आमच्या वाट्याला प्लायवूडच्या अलीकडची बाजू, आणि चाळ पाडली की तीही नाही.

एजंटला धरलं तर म्हणतो म्हाडात सेटिंग आहे, अडीच लाख वेगळे द्या, यादीत नाव घालून देतो. विकणारा म्हणतो टोकन परत मिळत नाही. पोलिसांनी सिव्हिल मॅटर म्हणून हात झटकले होते, पण एक्स्ट्रॅक्ट, आरटीजीएसचं स्टेटमेंट आणि तो मेसेज जोडून लेखी अर्ज दिल्यावर घेतला. वकिलाची नोटीस गेलीय विकणाऱ्याला, एजंटला आणि मालकाला, तिघांनाही.

तुम्ही बघत असाल तर रुपयासुद्धा देण्याआधी एक्स्ट्रॅक्ट मागा, 1996 च्या आधीच्या भाडेपावत्या आणि लाईट बिल मागा, नंबरापुढे अ, ब, 1, 2 असलं काही असेल तर शेजाऱ्यांना एकटं गाठून विचारा. म्हाडा पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते ती बघा. करार मालकाच्या सहीचा आणि रजिस्टर्डच हवा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ते बंधनकारक आहे, नोटरीवर भागवू नका. आणि टोकनच्या कागदावर "भाडेकरी स्वतंत्र न निघाल्यास पूर्ण रक्कम परत" ही ओळ लिहून घ्या, ती लिहायला जो का-कू करेल त्याच्याकडून उठून या.

तीच खोली गेल्या आठवड्यात परत जाहिरातीत आलीय, फोटो तेच, आता 45 लाख आणि खाली "405 कार्पेट कन्फर्म". लालबागमधली, दुसरा मजला, नवीन पीओपी, पावतीवर 17अ. कोणाला दाखवली गेली तर थांबा आणि मला मेसेज करा, एक्स्ट्रॅक्टची कॉपी पाठवते.