सहा तारांची बेस: कारखान्याची घ्यावी की घडवून घ्यावी?

सहा तारांची बेस गिटार घडवून घ्यायची म्हणत येणारे बहुतेक जण लाकडापासून सुरुवात करतात. फणस बरा की सागवान, वरची फळी कसली, पॉलिश चकचकीत की मॅट. लाकडाचं शेवटी बघू. आधी सांगा, सध्या काय वाजवता आणि कुठे वाजवता?

सहावी तार सगळ्यांच्याच कामाची नसते. नेहमीच्या चार तारांना खाली बी आणि वर सी या स्वरांच्या तारा जोडल्या की झाल्या सहा: बी, ई, ए, डी, जी, सी. गोव्यात कळंगुट-बागा पट्ट्यात एक गायिका आणि एक बेस अशी जोडी वाजवत असाल तर वरची सी म्हणजे सोनं. खाली मूळ स्वर धरून वरच्या दोन-तीन तारांवर कॉर्ड भरता येतो आणि गिटारवाल्याचं मानधन वाचतं. (हे त्याच्यासमोर बोलू नका.) लग्नाच्या बँडात मात्र कीबोर्ड, ट्रम्पेट, गिटार सगळी मंडळी हजर असतात. तिथे पाच तारांत भागतं. खालच्या मोकळ्या बीची थोरवी ऐकून भुलला असाल, तर तिची कंपनसंख्या सेकंदाला ३१ च्या आसपास आहे हे लक्षात घ्या. किनाऱ्यावरच्या शॅकमधला छोटा अँप तो मूळ स्वर नीट देऊच शकत नाही. कानावर येतो तो मुख्यतः त्याच्या वरच्या सप्तकातला अंश.

एवढ्यावरही सहाच हव्या असतील, तर निवड कारखान्याची आणि घडवून घेतलेली यांत आहे. एक सावधगिरी मात्र आधी सांगतो. जुन्या मालात ‘सहा तारांची बेस’ म्हणून कधी कधी फेंडर या अमेरिकन कंपनीची बेस सिक्स किंवा तिच्या धर्तीची वाद्यं दिसतात. ती १९६१ सालची कल्पना. स्केल (तारेची कंप पावणारी लांबी) ३० इंच आणि तारा साध्या गिटारसारख्याच, फक्त एक सप्तक खाली. ते वाद्य छान आहे, पण आपण बोलतोय ते हे नव्हे.

कारखान्याच्या बेसचा मोठा फायदा असा की तिच्यातल्या चुका तुमच्या आधी कुणीतरी भोगलेल्या असतात. तोच नमुना वर्षानुवर्षं निघतो, तक्रारी येतात, नेक (तारांखालचा दांडा) थोडा जाड होतो, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदलतो. घेण्याआधी तशीच दुसरी कुणाकडे तरी वाजवून बघता येते. विकायची वेळ आली तर नाव ओळखीचं असल्यामुळे गिऱ्हाईक मिळतं. उणीव म्हणजे मापं ठरलेली असतात. बहुतेक ठिकाणी स्केल ३४ इंच आणि तारा जवळजवळ. गोव्यातल्या दुकानात सहा तारांची बेस टांगलेली सापडेल याची खात्री नाही, म्हणून मुंबई-बंगळूरची फेरी धरून ठेवा.

घडवून घेतलेली बेस तुमच्या हाताच्या मापाची असते. किंमत दुप्पट-तिप्पट झाली तरी मला ती महाग वाटत नाही. खरा धोका दुसरीकडेच असतो. कारागिराने चार तारांच्या बेस उत्तम बनवल्या असतील, पण सहा तारांची कदाचित तुमचीच पहिली असेल. चार तारांचा एकूण ताण साधारण ८० किलोच्या घरात असतो, सहा तारांचा शंभराच्या पुढे जातो. नेक रुंद होतो, डोक्यावर दोन खुंट्या वाढतात, तोल पुढे झुकतो. चारचा साचा रुंद करून सहाची बेस होत नाही.

या वाद्याचा इतिहासच बघा ना. न्यूयॉर्कचे बेसवादक अँथनी जॅक्सन यांना बी ते सी अशा सहा तारा हव्या होत्या. १९७५ मध्ये कारागीर कार्ल थॉम्पसन यांनी त्यांना पहिली बेस बनवून दिली. तारा फार जवळ आल्या, जॅक्सन यांचं समाधान झालं नाही. पुढे केन स्मिथ या दुसऱ्या कारागिराकडे काम झालं, मग १९८३ मध्ये ब्रुकलिनला सुरू झालेल्या फोडेरा या कार्यशाळेकडे. स्केल ३६ इंचांवर गेलं, तारांमधलं अंतर वाढलं, नेक वरच्या बाजूने बॉडीत मिसळून गेला. काय हवं ते नेमकं ठाऊक असलेला वादक आणि नामांकित कारागीर, तरी दहा वर्षांहून जास्त काळ सुधारणा चालू होत्या. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न हा विचारा: ‘याआधीच्या सहा तारांच्या बेसपेक्षा माझ्या बेसमध्ये तुम्ही काय वेगळं करणार, आणि का?’

चांगल्या कारागिराकडे याचं उत्तर भिंतीवर टांगलेलं असतं. एमडीएफचा साचा उतरवून बघा. त्यावर पेन्सिलने खुणा असतात: बॉडीचं वरचं शिंग (पट्टा अडकतो ते टोक) १२ मिमी पुढे, मागची कड आणखी खोल, पिकअप (तारांचा कंप टिपणारं चुंबक) ब्रिजकडे सरकवला. खोडरबराने पुसलेल्या रेघा, त्यांच्या शेजारी नव्या. असा मळका साचा मला सीएनसी यंत्राच्या नव्याकोऱ्या चित्रापेक्षा भरवशाचा वाटतो. वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत) पोचत नसेल तर डोकं खाली जायची शक्यता फार. उभं राहून, पट्टा खांद्यावर घेऊन दोन्ही हात सोडा. नेक जमिनीकडे निघाला तर चार तासांच्या कार्यक्रमात तो भार तुमच्या डाव्या हातावर येणार.

मापांचं आता सविस्तर बोलतो, कारण पैसे इथेच वसूल होतात किंवा बुडतात.

स्केल वाढवलं की त्याच तारेचा त्याच स्वराला ताण वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ३४ वरून ३५ इंचांवर गेलात तर सुमारे ६ टक्के, ३६ वर सुमारे १२ टक्के. सैल, भुरभुरणारी बी त्याने ताठ होते. पण डाव्या हाताला किंमत मोजावी लागते. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ वर १३० मिमी असतं, ३६ वर १३७. सात मिमी कागदावर काहीच नाही, पण खालच्या पट्टीतलं गाणं तासभर वाजवल्यावर करंगळीला विचारा. शिवाय वरची सी लांब स्केलवर फारच ताठ होते, कॉर्ड धरताना बोचते. माझा कल ३५ कडे आहे. हात लहान असेल तर ३४ घ्या आणि बी जाड लावा, ०.१३० ऐवजी ०.१३५ इंचाची.

तिरप्या फ्रेटांचा पर्याय, म्हणजे बी लांब आणि सी आखूड, तर्काने सर्वांत बरोबर आहे. गिटार बनवणारे राल्फ नोवाक यांनी १९८९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आज ती गोष्ट सर्रास दिसते. हाताला सवय लवकर होते. पण नव्या कारागिराकडून ही पहिलीच करून घेऊ नका. फ्रेटांच्या खाचा आणि ब्रिजचा कोन यांत चूक झाली तर ती झाकता येत नाही.

तारांमधलं अंतर याहून खासगी बाब आहे. ब्रिजपाशी १६.५ मिमी ठेवलं तर पहिल्यापासून सहाव्या तारेपर्यंत ८२.५ मिमी होतात, १९ ठेवलं तर ९५. स्लॅप करणाऱ्याला, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्याला, बोटं घुसवायला १९ हवेसे वाटतात, पण मग नेक शेवटच्या फ्रेटपाशी फळीसारखा रुंद होतो. कॉर्ड आणि बोटांनी वाजवणाऱ्याला १७ ते १८ पुरतात. अंदाजाने आकडा सांगू नका. कारागिराला प्लायवूडचा एक नेक कापायला सांगा, नुसता आकार, तारा नकोत. तो आठवडाभर घरी मांडीवर घेऊन बसा. जो याला नकार देतो त्याच्याकडून मी बेस घेणार नाही.

नेक बॉडीला कसा जोडावा यावर बेसवाले तासन्‌तास वाद घालतात. बॉडीतून आरपार जाणारा नेक देखणा दिसतो, वरच्या फ्रेटांपर्यंत हात सहज जातो. पण गोव्यात मी स्क्रूने बसवलेल्या नेकच्या बाजूचा आहे. पावसाळ्यात इथली हवा महिनोन्‌महिने ओलीचिंब असते, तीच बेस रात्री एसीच्या खोलीत जाते, सकाळी परत दमट पडवीत. लाकूड लांबीला जवळपास हलत नाही, आडव्या बाजूला हलतं. सहा तारांचा नेक रुंद असल्यामुळे ती हालचाल जास्त जाणवते. पॉलिश केलेली मागची बाजू आणि उघडा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं टेकायची फळी) ओल सारखीच पीत नाहीत, म्हणून नेक वाकतो किंवा पिळतो. वाकलेला नेक आतल्या ट्रस रॉडने (घट्ट-सैल करता येणाऱ्या धातूच्या कांबीने) सरळ होतो, पिळलेला होत नाही. स्क्रूचा नेक काढून नवा बसवता येतो. आरपार नेक पिळला तर अख्खं वाद्य गेलं.

म्हणून अटी लिहून घ्या: नेक पाच किंवा सात पट्ट्यांचा, लाकडाच्या रेषा उभ्या, दोन ट्रस रॉड, शक्यतो कार्बन फायबरच्या कांबी. एखादी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. मग बी आणि सी या दोन कडेच्या तारांवर तीच फट तुलना करा. दोन्हीकडे फार वेगळी आली तर पिळाचा संशय घ्या. ही तपासणी कारखान्याच्या बेसलाही लागू.

आता लाकूड. आपल्याकडचं सागवान स्थिर आणि टिकाऊ, पण तेलकट; चिकटवण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसला नाही तर गोंद दगा देतो. फणस हलका-मध्यम, पिवळा, कापायला सुखाचा. पाडलेल्या जुन्या घरांचे वासे मिळाले तर उत्तम, दशकानुदशकं मुरलेले असतात. फक्त आत खिळे लपलेले असतात आणि ते रंध्याचं पातं खातात. आवाजावर बॉडीच्या लाकडाचा परिणाम लोक म्हणतात त्याच्या पाव हिश्श्याएवढाही मला ऐकू येत नाही. आपल्या गोव्याच्या घुमट या मातीच्या वाद्याचंच घ्या. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्यामुळे गेलं, बकऱ्याचं आलं, आणि घुमट वाजतंच आहे. पिकअप आणि तारा नीट निवडा, फळीवर वाद नको.

जहाजावर वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिसवीची जात २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, सुट्या फळ्यांना नाही. बेस पूर्ण होऊन हातात येईल तेव्हाच ती न्या, परदेशात बसवून घेऊ म्हणून शिसवीचा फिंगरबोर्ड बॅगेत टाकू नका.

इलेक्ट्रॉनिक्सवर फार वेळ घालवत नाही. दोन हमबकर (गुणगुण दाबणारे पिकअप), बॅटरीवरचा साधा प्रीअँप, आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा, आणि बॅटरी मेली तरी वाजेल असा पॅसिव्ह स्विच. पार्टीच्या मध्यात नऊ व्होल्टची बॅटरी कोण शोधत बसणार? तारा मात्र खाऱ्या हवेत लवकर गंजतात. कोटेड (लेप दिलेल्या) घ्या आणि सहाचा एक सेट घरी जादा ठेवा, दुकानात ऐन वेळी तो मिळेलच असं नाही.

मग घ्यायची कुठली? सहा तारा याआधी वाजवल्याच नसतील तर कारखान्याची, वापरलेली असली तरी चालेल, आणि एखादं वर्ष तिच्यावरच काढा. काय खुपतं ते वहीत लिहा: तारा जवळ वाटतात की लांब, बी सैल आहे का, खांदा दुखतो का. ती यादी हातात असेल तर घडवून घेण्याला अर्थ आहे, आणि तेव्हा मी बेधडक घडवून घ्या म्हणेन. परदेशातल्या नावाजलेल्या कार्यशाळेकडून मागवणं हे मला शेवटचं वाटतं. बेस उत्तम येईल, पण पहिल्या पावसाळ्यात नेक हलला तर तिला कुरिअरने परत पाठवणार का? फोंड्याला किंवा मडगावला गाडीने नेता येईल असा कारागीर असेल तर त्याला झुकतं माप द्या. रक्कम तीन हप्त्यांत द्या, शेवटचा हप्ता बेस हातात घेऊन वाजवल्यावर. बेस शक्यतो मे महिन्याआधी ताब्यात घ्या, आणि पावसाळा संपल्यावरचा एक सेटअप (नेक आणि तारांची पुन्हा जुळणी) त्याच किमतीत, हे पावतीवर लिहून घ्या.